शेक मोजले जातात, खाडे कोण मोजणार?

"रेडिएशन म्हणजे पाच-दहा मिनिटांचं काम. त्याला रजा कशाला लागते?"

हा प्रश्न मला कुणा कारखानदाराने विचारलेला नाही. बायकांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या बैठकीत, माझ्यासमोर आणि माझ्याच बाबतीत तो विचारला गेला. विचारणारी बाई वाईट नाही. तिने आयुष्यभर बायकांसाठी मोर्चे काढले आहेत, लाठ्या खाल्ल्या आहेत. म्हणूनच हा लेख लिहायला बसले. कारखानदाराने विचारलं असतं तर त्याचं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आपल्यातल्याच बाईने विचारलं की मात्र आपण गप्प बसतो.

मी छत्तीस वर्षांची. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून वस्तीतल्या समुपदेशन केंद्रात काम करते. मारहाण होणाऱ्या बायकांच्या केसेस, पोलीस चौकी, कोर्टाच्या तारखा हे माझं रोजचं काम. गेल्या वर्षी डाव्या स्तनात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली, स्तन राहिला. मग केमोथेरपी आणि शेवटी रेडिएशन. दवाखान्याच्या बाकावर बसणाऱ्या बायका त्याला 'शेक' म्हणतात, कुणी 'लाईट' म्हणतात. मलाही आता तेच शब्द जवळचे वाटतात.

केमोच्या दिवसांत सगळ्यांनी मला सांभाळलं, हे आधीच सांगते. डोक्यावरचे केस गेले होते, तोंड काळवंडलं होतं. आजार दिसत होता. शेक सुरू झाला तोवर डोक्यावर बोटभर केस आले होते. लोकांना वाटलं, चला, झाली बरी! जो आजार दिसत नाही तो नाहीच, असं आपण धरून चालतो. घरातल्या छळाबद्दल आपणच वीस वेळा सांगतो की मार दिसला नाही म्हणून तो नसतो असं नाही. मग हे आपल्याला इथे का आठवत नाही?

आता त्या 'पाच-दहा मिनिटां'चा हिशेब मांडते.

आधी खुणा करतात. छातीवर शाईच्या रेषा मारतात आणि त्या पुसू द्यायच्या नाहीत, म्हणजे नीट आंघोळ नाही, साबण नाही. रोज त्याच फळीवर, हात डोक्यावर घेऊन, उघड्या छातीने, हलायचं नाही. ऑपरेशनने काख आखडलेली असते, त्यामुळे हात वर नेणं हेच एक दुखणं. किरण सोडतात तेव्हा काही जाणवत नाही. ही झाली ती दहा मिनिटं.

पण त्यांच्यासाठी मी पहाटे साडेचारला उठत होते, कारण पाणी तेव्हाच येतं. कल्याणहून लोकलने मुंबई, तिथून बस. नंबर साडेदहाचा, आत घेणार बाराला. एखाद्या दिवशी मशीन बंद. "आज होणार नाही, उद्या या." हे वाक्य दारात पोचल्यावर ऐकायचं. शनिवार-रविवार सोडून वीस शेक मला सांगितले होते, म्हणजे चार आठवडे. प्रत्यक्षात सहावा आठवडा लागला. पहिल्या आठवड्यात मी कामावर धावत जायची. तिसऱ्या आठवड्यात काखेखालची आणि स्तनाखालची कातडी काळी पडून सोलवटली. ब्रेसियर घालणं अशक्य. सैल सुती कुडता घालून, ओढणी लपेटून चौकीत फौजदारासमोर बसायचं. आणि थकवा! हा थकवा झोपेने जात नाही. तो दर आठवड्याला साठत जातो आणि शेक संपल्यावरही बरेच दिवस मुक्कामाला राहतो.

दुपारी दोनला केंद्रात पोचले की मस्टरवर अर्धा खाडा. अठरा हजार मानधनातून तो कापला जाई. मानधन! किती सोज्वळ शब्द आहे पाहा. पगार म्हटला की कामगार आला, कामगार म्हटला की रजा आली, फंड आला, विमा आला. मानधनात यांतलं काही येत नाही, नुसता मान येतो. अंगणवाडीच्या बायकांना सरकार हाच शब्द लावतं आणि त्याविरुद्ध आपण त्यांच्याबरोबर रस्त्यावर उतरतो. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे ठरायला २०२२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. आणि आपल्या संस्थांच्या खतावणीत? तिथेही 'मानधन'च.

माझं निदान भागलं. नवऱ्याची नोकरी आहे, जवळ थोडी शिल्लक होती. बाकावर माझ्याशेजारी बसणारीचं काय? टिटवाळ्याहून येणारी, चार घरची धुणीभांडी करणारी. सकाळची घरं ही तिची मुख्य कमाई आणि शेकाचा नंबरही सकाळचाच. पहिल्या आठवड्यात दोन घरं सुटली. मालकिणीने दुसरी बाई लावली, एकीने वर हेही विचारलं की, "तुझ्या अंगातले किरण माझ्या बाळाला लागणार नाहीत ना?" असं काही होत नाही. बाहेरून मशीनने दिलेले किरण अंगात राहत नाहीत. बाई घरी येऊन लेकराला कुशीत घेऊ शकते, स्वयंपाक करू शकते, भांडी घासू शकते. पण हे त्या मालकिणीला सांगणार कोण?

ही बाई एकदा मला म्हणाली, "ताई, मी डॉक्टरला आधीच सांगितलं होतं, सगळंच काढून टाका, म्हणजे शेकाला यायला नको. खाडे कोण भरून देणार?"

मैत्रिणींनो, या वाक्यापाशी जरा थांबा. स्तन राखून नुसती गाठ काढली तर उरलेल्या भागाला सहसा शेक द्यावाच लागतो, नाहीतर त्याच जागी रोग परतण्याचा धोका बराच वाढतो. गाठ काढून शेक घेतलेल्या आणि सबंध स्तन काढलेल्या बायका सारख्याच जगतात, हे अमेरिकेतल्या आणि इटलीतल्या दोन मोठ्या अभ्यासांनी दाखवलं. त्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे वैद्यकाने बाईला निवड दिली. पण ती निवड रोजंदारीवरच्या बाईपर्यंत पोचत नाही. तिचा स्तन राहणार की जाणार हे तिचे खाडे ठरवतात. त्यात सबंध स्तन काढूनही काहीजणींना शेक घ्यावाच लागतो. 'आपलं शरीर, आपला हक्क' ही घोषणा आपण कुटुंबनियोजनाच्या इंजेक्शनांविरुद्ध दिली, गर्भलिंग चाचण्यांविरुद्ध दिली. महाराष्ट्रात १९८८ साली देशातला पहिला कायदा झाला तो त्या लढ्यातूनच. मग या बाईच्या शरीराबद्दल आपण कोणती घोषणा देणार?

हा प्रश्न थोड्या बायकांचा आहे असंही कुणी समजू नये. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार त्याने दगावल्या. भारतीय बायकांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच आहे.

"सरकारी योजना आहेत की!" असं म्हटलं जातं. आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून कित्येकींचा शेक फुकट होतो आणि ही मोठी गोष्ट आहे. रेल्वेच्या तिकिटात सवलत मिळते. पण योजना मशीनचे पैसे देते, बुडालेल्या रोजाचे देत नाही. मशीनचा वेळ मोलाचा, बाईचा फुकटचा. घरातल्या कामाबाबत आपण हेच म्हणत आलो नाही का? कामगार राज्य विमा योजनेत कर्करोगासारख्या दीर्घ आजारांसाठी, अटी पूर्ण केल्यास, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के वेतन मिळू शकतं. म्हणजे आजारपणात वेतन देणं या देशात अशक्य नाही. फक्त ते धुणीभांडी करणारीला नाही, घरी बसून मणी ओवणारीला नाही, आणि 'मानधन' घेणाऱ्या कार्यकर्तीलाही नाही.

नोकरी टिकण्याची हमी हा दुसरा प्रश्न. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत, त्यांत कर्करोग नाही. एच.आय.व्ही. असलेल्या माणसाशी नोकरीत भेदभाव करायला मात्र २०१७ च्या कायद्याने बंदी घातली. तो कायदा कुणी दयेपोटी दिला नाही. रोगी माणसं संघटित झाली, आपली नावं सांगून उभी राहिली, तेव्हा तो झाला. ब्रिटनमध्ये कर्करोगाचं निदान होताच त्या माणसाला भेदभावविरोधी कायद्याचं संरक्षण मिळतं. आपण अजून निदान लपवतो, कारण मुलीचं लग्न अडेल, काम सुटेल.

काहीजणी म्हणतील, "तू काम केलंस ना? मग करता येतं!" होय, केलं. आणि खरं सांगायचं तर काम होतं म्हणून मी टिकले. ज्या दिवशी एका बाईला पोटगीचा आदेश मिळाला, त्या दिवशी मला कातडीची आग आठवली नाही. म्हणून 'घरी बसा, आराम करा' या प्रेमळ सल्ल्यालाही माझा विरोध आहे. त्या सल्ल्याचा शेवट पुष्कळदा 'तुमची जागा आम्ही भरली' असा होतो. आजारी बाईला काम करण्याचा हक्क हवा आणि न करण्याचाही हवा. पैसे कापले जातील म्हणून उभं राहावं लागलं तर त्याला निवड म्हणत नाहीत. आणि कृपा करून अशा बाईला 'लढवय्यी', 'रणरागिणी' म्हणू नका. मला हार घालण्यात आला. ज्या महिन्यात हार घातला, त्याच महिन्यात खाडेही कापले.

आता माझा स्वतःचा कबुलीजबाब. सहा वर्षांपूर्वी मी प्रकल्प समन्वयक होते. आमच्या वस्ती-कार्यकर्तीचं गर्भाशय काढलं होतं. ती लवकर कामावर आली, पण तपासणीसाठी, टाके दुखतात म्हणून, अधूनमधून जाऊ लागली. तिचे नऊ खाडे मी मस्टरवर लाल शाईने लिहिले. नियम होता. फंडिंग देणाऱ्यांना हिशेब द्यायचा होता. ती काही बोलली नाही, सही केली. माझा पहिला खाडा लागला त्या रात्री मला ती सही आठवली. मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. ती म्हणाली, "ताई, तेव्हा तुम्हाला कुठे ठाऊक होतं?" ठाऊक नव्हतं हे खरं नाही. मी विचारलं नव्हतं.

म्हणून आता विचारायचं आणि मागायचं. माझ्या मागण्या अशा:

एक. सुरुवात आपल्या घरापासून. प्रत्येक संघटनेने, संस्थेने 'उपचाराचे दिवस' म्हणून भरपगारी वेगळी नोंद ठेवावी. ते रजेतून कापू नयेत, आणि वस्ती-कार्यकर्तीला व संचालिकेला तोच नियम लावावा. फंडिंगच्या अर्जात कॉम्प्युटरचा खर्च लिहितो, तसा हाही लिहावा.

दोन. शेकांची संख्या हाही कामाच्या हक्काचा प्रश्न आहे. पूर्वी पाच आठवड्यांत २५ शेक सर्रास देत. ब्रिटनमधल्या चाचण्यांनी दाखवलं की तीन आठवड्यांत १५ पुरतात. २०२० साली तिथल्याच आणखी एका मोठ्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष आले: एका आठवड्यातले ५ शेकही रोग आवरण्यात त्या १५ शेकांपेक्षा कमी पडले नाहीत. सगळ्यांनाच हे चालेल असं नाही. गाठ कुठे आहे, काखेत पसरली आहे का, वय किती, यावर डॉक्टर ठरवतात. मला माझ्या वयामुळे पंधरावर पाच जास्तीचे घ्यावे लागले. पण "माझ्यासाठी कमी दिवसांचा पर्याय आहे का?" हे विचारण्याचा प्रत्येकीला हक्क आहे, आणि तिच्यासोबत जाणाऱ्या कार्यकर्तीने ते विचारलंच पाहिजे.

तीन. कामकरी बायकांसाठी पहाटेचे आणि संध्याकाळचे ठरलेले नंबर. मशीन बंद असेल तर बाई घरून निघण्याआधी तिला फोन.

चार. उपचाराबरोबर बुडालेल्या रोजाची भरपाई. क्षयरोग्याला पोषणासाठी सरकार थेट पैसे देतं. २०१८ साली ते महिन्याला ५०० रुपये होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून १००० केले. रक्कम तुटपुंजी असली तरी वाट पाडलेली आहे. तीच वाट शेक घेणाऱ्या बाईपर्यंत आणायची.

पाच. आजाराच्या कारणावरून कामावरून काढायला कायद्याने बंदी. त्यात घरकामगार बाईचं नाव स्पष्ट लिहिलेलं हवं.

पुढच्या महिन्यात आमच्या संस्थेची बैठक आहे. पहिली मागणी ठराव म्हणून मी तिथे मांडणार आहे, आणि त्यासोबत त्या नऊ खाड्यांचे पैसे परत द्यावेत हाही. प्रकल्प बंद झाला, हिशेब मिटला, असं मला सांगितलं जाईल. बाईचा हिशेब असा मिटत नाही, एवढंच मी म्हणणार आहे.

तुमच्या संघटनेत हा ठराव तुम्ही मांडा. आणि त्याआधी आपलं मस्टर उघडून पाहा. कुणाच्या नावापुढे लाल शाई आहे? ती कशाने आजारी होती, हे कुणी विचारलं होतं का?