तीन नोकऱ्या आणि एक घर

दिवाळी अंकाच्या टपालात मुलुंडहून एका वाचकभगिनीचे पत्र आले आहे. कन्या सी. ए. झाली. तिला तीन ठिकाणांहून बोलावणे आहे: एक सरकारी बँक, वांद्रे-कुर्ला संकुलातील व्हेंचर कॅपिटलची एक पेढी आणि अंधेरीची एक टेक कंपनी. वडील बँकेतूनच निवृत्त झालेले, तेव्हा त्यांचे मत अर्थातच बँकेला. मुलीचा ओढा कंपनीकडे. मामांचे (असा एक मामा प्रत्येक घरात असतोच) म्हणणे, की व्हेंचरवाले कोटींत बोलतात, तिकडेच जावे. भाऊबीजेच्या आत ठरवायचे आहे, कारण मोठी जागा घेण्याचे घाटते आहे आणि वीस वर्षांचे कर्ज या मुलीच्या पगारावर काढायचे आहे.

बाईंनी तिन्ही पगारांचे आकडे कळवले आहेत. ते आम्ही तूर्त बाजूला ठेवतो. आधी दोन गोष्टी विचाराव्यात: पैसा हाती केव्हा पडतो, आणि चूक झाली तर ती कोणाच्या माथी बसते?

वडिलांच्या डोळ्यांसमोरची बँक १९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतरची आहे. नोकरी कायमची, बढती रांगेने, शेवटी पेन्शन. यातले शेवटचे आता तसे उरलेले नाही. १ एप्रिल २०१० पासून सरकारी बँकांत लागलेल्यांना ते जुने पेन्शन नाही. नव्या पद्धतीत दरमहा कापलेले पैसे बाजारात गुंततात आणि त्यांचे जे होईल ते पदरात पडते. बदल्या मात्र जुन्याच आहेत. पहिलीच नेमणूक परप्रांतात झाली तर मुलुंडच्या तीन खोल्यांत राहणार कोण?

तरीही बँकेत एक विद्या मिळते, ती अन्यत्र सहसा मिळत नाही. समोरच्या माणसाला ‘नाही’ म्हणण्याची विद्या. बँकेत पैसा ठेवीदारांचा असतो आणि चूक त्यांच्याच माथी बसते. मुलुंड-भांडुपच्या वाचकांना हे सांगायला नको. भांडुपला मुख्य कचेरी असलेल्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदारांना प्रथम हजार रुपयेच काढता येत होते. एकाच बांधकाम समूहाला दिलेले कर्ज एकूण कर्जाच्या सत्तर टक्क्यांहून अधिक होते आणि ते झाकण्यासाठी हजारो खोटी खाती दाखवल्याचे उघडकीस आले. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक दुसरीत विलीन झाली, पण पाच लाखांवरच्या ठेवी दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांवर गेल्या. त्या कर्जाच्या कागदावर वेळीच कोणी ‘नाही’ लिहिले असते तर!

व्हेंचर कॅपिटलचा धर्म याच्या अगदी उलट. तिथे पैसा श्रीमंतांचा. सेबीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे अशा निधीत साधारणपणे एक कोटीखाली प्रवेशच नाही. दहा धंद्यांत पैसे घालायचे, बहुतेक बुडणार हे धरून चालायचे, आणि एखाद्याने सगळ्यांची भरपाई करावी अशी आशा ठेवायची. कर्ज देणारा बुडण्याची भीती बाळगतो. हा मात्र मोठा होणारा धंदा हातचा निसटला म्हणून झुरतो! मामांचे कोटी खरे आहेत. पण नफ्यातला तो वाटा, बहुधा वीस टक्क्यांचा, मुख्यतः भागीदारांचा. आणि तोही निधी फळाला आला तर, आठ-दहा वर्षांनी. नव्याने लागलेल्या मुलीच्या हाती पगार तेवढा येणार. शिवाय अशा पेढ्यांत जागा थोड्या, आणि वर चढायला शिडी अशी नाहीच.

या धंद्याचे मर्म घरगुती उदाहरणाने चांगले कळते. १९८१ साली पुण्यात इन्फोसिस निघाली ती सुधा मूर्ती यांनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर. शेअर बाजारात आली १९९३ मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, आणि तेव्हाही लोकांनी पुरेसे अर्ज केले नव्हते. दहा हजारांची गोष्ट सर्वांना पाठ आहे. पण त्या काळात सुधाताई पुण्यातच वालचंद समूहात नोकरी करीत होत्या आणि घर त्या पगारावर चालले होते, हे आम्हांला अधिक महत्त्वाचे वाटते.

आता कंपनी. तिथले हिशेबखाते म्हणजे नुसत्या पावत्या नव्हेत. जी. एस. टी. आहे, महिनाअखेर आहे, आणि मुख्य म्हणजे शिल्लक रोकड किती महिने पुरेल हे रोज सांगणे आहे. ती रोकड कोणत्या बँकेत ठेवावी, हेसुद्धा! मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक दोन दिवसांत कोसळली आणि अनेक कंपन्यांचे पगार अडकतात की काय अशी वेळ आली. (अक्षरे जुळतात म्हणून आपल्या १९०६ पासूनच्या शामराव विठ्ठल बँकेला ‘आमचा त्यांच्याशी संबंध नाही’ असे जाहीर करावे लागले.)

कंपनी पगाराखेरीज ‘ईसॉप’ देते. म्हणजे ठरल्या भावाने तिचे शेअर घेण्याचा हक्क. हा हक्क बहुधा चार वर्षांत थोडाथोडा हाती येतो. शेअर घेताना पैसे भरायचे आणि भावातल्या फरकावर करही, विक्री झालेली नसली तरी. २०२० पासून काही मान्यताप्राप्त नवउद्योगांनाच यात मुदत मिळते. आणि शेवटी भाव? नोव्हेंबर २०२१ मध्ये आठ दिवसांच्या अंतराने दोन कंपन्या बाजारात आल्या. नायकाचा शेअर पहिल्याच दिवशी जवळजवळ दुप्पट झाला. पेटीएमचा चौथ्या हिश्शाहून अधिक घसरला. दोन्हीकडच्या कारकुनांनी रात्री सारख्याच जागवल्या असतील.

नायकाच्या फाल्गुनी नायर यांनी ती कंपनी २०१२ मध्ये काढली, कोटकमध्ये सुमारे दोन दशके काढल्यावर, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. आमचेही मत तेच. व्हेंचरला आज जाऊ नये. चार धंदे आतून पाहिल्यावर जावे. राहिल्या बँक आणि कंपनी.

आणि इथे खरा प्रश्न नोकरीचा नसून जागेचा आहे. वडिलांना जुने पेन्शन आहे. पुण्याच्या त्या घरातला पगार तुमच्या घरी तेच आहे. मोठी जागा तीन वर्षे लांबवलीत तर मुलीने खुशाल कंपनीत जावे. मुलुंडहून घाटकोपर आणि पुढे मेट्रोने अंधेरी, रोज संध्याकाळी घरी. जागा आत्ताच हवी असेल तर तिने बँकच घ्यावी, आणि आईवडिलांनी तिच्या बदलीला तयार राहावे. ईसॉपच्या भरवशावर हप्ता मात्र ठरवू नये.

कंपनीला होकार देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागाव्यात: हक्क किती शेअरांचा, भाव काय, कंपनीचे एकूण शेअर किती, आणि नोकरी सोडल्यास ते किती दिवसांत विकत घ्यावे लागतील. चौथ्याचे उत्तर पुष्कळदा ‘नव्वद दिवस’ असे येते. तसे आले तर ते पत्र आधी वडिलांना वाचायला द्यावे.