विमान आदळलं, मग पुढं काय?

२५ जुलै २०२२ चा सोमवार. बारामतीच्या कार्व्हर एव्हिएशन या संस्थेतली बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी सेसना १५२ हे दोन आसनांचं विमान घेऊन एकटीच निघाली आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात विमानासह कोसळली. नशीब बलवत्तर म्हणून किरकोळ जखमांवर निभावलं. दिवसभर टीव्हीवर मोडलेलं विमान आणि त्या मुलीचं नाव फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी बातमी संपली.

बातमी संपली तरी बायकांची चर्चा संपत नाही. आमच्या बचत गटात एकजण म्हणालीच, “एवढा पैसा घालून पोरीला मरायला कशाला पाठवायचं?” तेव्हा मनात आलं, मुलगा असता तर हेच बोललो असतो का? पुढं ९ ऑगस्ट २०२५ ला बारामतीतच रेडबर्ड संस्थेच्या शिकाऊ विमानाचं पुढचं चाक उतरताना निखळलं. चालवणारा तरुण मुलगा होता, तोही सुखरूप वाचला. पण “पोरांना विमान जमत नाही” असं काही कुणी म्हटल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मैत्रिणींनो, विमान वर नेण्यापेक्षा खाली आणणं अवघड. सेसनासारखं छोटं विमान उतरायला येतं तेव्हा त्याचा वेग ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटर असतो. जमिनीच्या अगदी जवळ आल्यावर त्याचं नाक हळूच वर उचलायचं, म्हणजे मागची दोन दणकट चाकं आधी टेकतात आणि पुढचं नाजूक चाक शेवटी. हे उचलणं क्षणभर लवकर झालं तर विमान हवेतून धपकन खाली येतं, उशिरा झालं तर चेंडूसारखं उसळतं. खरी गोम इथं आहे. विमान उसळलं की शिकणारी घाबरते आणि नाक खाली दाबते. वाटतं, लवकर टेकवून मोकळं व्हावं. पण पुढचं चाक आधी आपटतं, विमान आणखी जोरात उसळतं, आणि दोन-तीन उसळ्यांत चाकाचा दांडा मोडतो.

अशा वेळी इंजिनाला पूर्ण जोर देऊन पुन्हा वर जायचं, एक फेरी मारायची आणि नव्यानं उतरायचं. याला ‘गो-अराउंड’ म्हणतात. त्यात काही कमीपणा नाही, प्रवासी विमानांचे मुरलेले कॅप्टनसुद्धा ते करतात. पण कमीपणा नाही हे विद्यार्थिनीला आधीच कुणीतरी पटवून दिलेलं असावं लागतं. आदळणारं विमान हातात असताना ते सुचत नाही.

आदळल्यानंतर चांगला प्रशिक्षक काय करतो? तो ओरडत नाही. समोर बसवून विचारतो, वेग किती होता, वारा कुठून होता, नजर कुठं होती? पुष्कळदा चूक नजरेत असते. धावपट्टीच्या लांबच्या टोकाकडं बघायचं, तर नवखी पोर विमानाच्या नाकासमोरच्या जमिनीकडं बघत बसते. स्कूटी शिकताना आपण चाकाकडं बघतो ना, तसंच. मग तो स्वतः शेजारी बसून तिच्याकडून तेच उतरणं पुन्हापुन्हा करून घेतो, आणि मगच तिला एकटीला सोडतो.

अमेरिकेत सप्टेंबर २०१८ मध्ये सतरा वर्षांची एक मुलगी पहिल्यांदाच एकटी उडाली आणि उडतानाच विमानाचं एक चाक गळून पडलं. प्रशिक्षकानं रेडिओवरून धीर देत, एकेक गोष्ट सांगत तिला सुखरूप उतरवलं. “तू काय केलंस?” हा प्रश्न त्या वेळी कुणी विचारला नाही.

आता आपल्याकडचं बघा. व्यावसायिक परवान्यासाठी किमान दोनशे तासांचं उड्डाण लागतं. खर्च पन्नास लाखांच्या घरात किंवा त्याहून वर. एवढ्यासाठी कुणी शेत गहाण टाकतं, कुणी घरावर कर्ज काढतं. अशा घरातल्या मुलीचं विमान जोरात आदळलं आणि वरून काही मोडलेलं दिसलं नाही, तर ती ते सांगेल का? सांगितलं तर उड्डाण थांबेल, संस्थेत बोलणी बसतील, आणि घरी कळलं तर “आता पुरे, परत ये” म्हणतील. ही शेवटची भीती मुलांपेक्षा मुलींना जास्त. म्हणून ती गप्प बसते. दांड्याला गेलेली बारीक चीर तशीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी त्याच विमानात दुसऱ्याच कुणाचं तरी लेकरू बसतं.

म्हणूनच विमान अपघातांच्या चौकशीचा नियम जगभर वेगळा आहे. आपल्याकडे हे काम विमान अपघात अन्वेषण विभाग करतो, आणि नियमांत स्पष्ट म्हटलंय की चौकशीचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा आहे, दोष कुणाच्या माथी मारणं हा नाही. अमेरिकेत तर १९७६ पासून वैमानिकांनी आपली चूक नाव गुप्त ठेवून कळवायची सोय आहे. कायदा समजूतदार आहे. संस्था तशा आहेत का, हा खरा प्रश्न. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात रेडबर्डची दोन विमानं चार दिवसांत पडली, तेव्हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं त्या संस्थेचं प्रशिक्षण काही काळ थांबवलं होतं. एकामागून एक विमान पडतं तेव्हा फक्त विद्यार्थ्यांकडं बोट दाखवून चालत नाही. २०२५ मध्ये याच महासंचालनालयानं देशातल्या उड्डाण संस्थांना श्रेणी द्यायला सुरुवात केली. पहिल्या यादीत ‘अ’ श्रेणी एकालाही मिळाली नाही. तेरा संस्था ‘ब’ मध्ये, बावीस ‘क’ मध्ये. पन्नास लाख घेणाऱ्यांची ही प्रगतिपुस्तकं!

आपल्या हिंगोलीत विमानतळ नाही, विमान बघायचं तर नांदेडला जावं लागतं. तरी वसमत, कळमनुरीच्या मुलीही आता हे स्वप्न बघतात, आणि का बघू नये? भारतात वैमानिकांमध्ये बायका सुमारे पंधरा टक्के आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळपास तिप्पट. १९८५ मध्ये सिलचर मार्गावर फक्त महिलांनी विमान नेलं, तेव्हा कॅप्टन होत्या सौदामिनी देशमुख. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. ही अट काढायचा विचार २०२५ मध्ये सुरू झाला. कला शाखेच्या कित्येक मुली मुक्त विद्यालयातून हे दोन विषय देऊन पुढं गेल्यात.

प्रवेशाच्या आधी सगळे फी विचारतात, वसतिगृह विचारतात. त्याच बैठकीत हेही विचारा, की गेल्या वर्षी तुमच्याकडं किती विमानं आदळली, त्यानंतर त्या विद्यार्थ्यांचं काय केलंत, आणि जोरात उतरलेलं विमान पुन्हा उडवण्याआधी कोण तपासतं? उत्तर देताना समोरचा चिडला तर दुसरी संस्था बघा. आणि या बैठकीला वडिलांबरोबर आईनंही जावं. रात्री दहाला लेकीचा फोन येतो तो आईलाच. “आज जरा जोरात उतरलं गं” हे ती आधी आईला सांगणार आणि आई काय म्हणते ते ऐकणार.