महिन्याचा जमाखर्च : दादीने कोणत्या भाषेत बोलावे?



गेल्या महिन्याचा हिशेब आधी एका दमात सांगून टाकतो. लिहिलेली पाने १९, त्यांतली फाडलेली ७. पुन्हा वाचलेल्या कादंबऱ्या ३, पाहिलेले सिनेमे २. रिसोडच्या बाहेर जाणे फक्त दोनदा झाले, दोन्ही वेळा वाशीमपर्यंत आणि दोन्ही वेळा एसटीने. आमच्या गावाला रेल्वे नाही, त्यामुळे आमचे लिखाणही एसटीच्या चालीने जाते. थांबे फार, पण पोहोचते, अल्हम्दुलिल्लाह. या महिन्यात मात्र ते एकाच थांब्यावर अडून राहिले. त्याचीच हकिगत यावेळी सांगायची आहे, कारण तो प्रश्न आमच्या वहीपुरता नाही. तुमच्या घरातलाही आहे.

लिहिणे

जुन्या वाचकांना ठाऊक आहे, आमची कादंबरी रिसोडच्या एका पिंजारी घराची आहे. थंडीची चाहूल लागली की पूर्वी खांद्यावर पिंजण घेतलेला माणूस गल्लीत यायचा. तातीचा टणत्कार ऐकला की बायका जुन्या गाद्या उसवून ओट्यावर आणायच्या. दिवसभर कापूस उडायचा आणि पिंजाऱ्याच्या भुवया, दाढी पांढरी होऊन जायची. आता पिंजायला यंत्र आहे आणि निम्म्या घरांत फोमची गादी आली आहे. आमच्या कादंबरीतल्या आजोबांनी पिंजण चालवले, मुलाने यंत्र घेतले आणि नातू मोबाइल दुरुस्त करतो. या तिघांच्या मध्ये दादी आहे. टाके घालायला अजूनही तीच बसते.

आठव्या प्रकरणात एका लग्नघरच्या दहा गाद्या भरायच्या आहेत. गिऱ्हाईक शेतकऱ्याची बायको आहे. दादी तिला विचारते, "मले सांगा बाई, कापूस जुनाच घालू का नवा?" मग मागे वळून मुलाला म्हणते, "अरे वो गठ्ठा इधर ला, कायकू उभा रहा?" तेवढ्यात यंत्राच्या कर्जासाठी बँकेचे साहेब येतात. त्यांच्याशी ती जपून, पुस्तकातल्यासारखे बोलते. दोन पानांत एका बाईच्या तोंडी तीन बोल्या आल्या. आमच्या गल्लीत यात नवल काहीच नाही. रिसोडमधली कोणतीही बाई सकाळी दुधापासून संध्याकाळी भाजीपर्यंत हेच करते. नवल सुरू होते ते कागदावर.

हे प्रकरण आम्ही पुण्यातल्या एका जाणकार स्नेह्यांना वाचायला दिले. मोठ्या आपुलकीने त्यांनी समासात लिहिले, 'हिंदी कमी करावी.' सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. म्हणून त्यावर पंधरा दिवस विचार केला.

पहिला मार्ग असा, की दादीला सगळीकडे प्रमाण मराठी बोलू द्यावे. पाने स्वच्छ दिसतील, पण मग ते घर कोणाचेही होईल. दुसरा मार्ग सिनेमातला. मुसलमान घर दाखवायचे म्हणजे 'तशरीफ', 'जनाब' आणि 'अजी सुनते हो' पेरायचे. आमच्या गल्लीत असे कोणी कोणाला बोलल्याचे आम्ही ऐकलेले नाही. बोलले तर समोरचा आधी कपाळाला हात लावून ताप पाहील. तिसरा मार्ग, दादी बोलते तसेच लिहावे. त्याला स्नेही 'हिंदी' म्हणतात.

पण ती हिंदी नव्हे. ती आपली दखनी. 'नको'वरून तिचे 'नक्को' झाले. 'मीच, तूच' यातला मराठी 'च' तिने उचलला आणि 'मैंच, तूच' असा आपल्या शब्दांना जोडला. "वावर में सोंगणी चालू है" हे वाक्य पाहा. 'में' आणि 'है' सोडले तर यात वऱ्हाडी शेतकऱ्याला परके काय आहे? अचलपूरची इमादशाही १४९० साली सुरू झाली, म्हणजे वऱ्हाडात या दोन बोल्यांचा शेजार पाच शतकांचा आहे. इतक्या वर्षांच्या शेजारणी एकमेकींकडून विरजण नेतात, तसे यांनी शब्द नेले. तिकडे औरंगाबादच्या वलीने याच दखनच्या मातीतून गझल उभी केली आणि तिची कीर्ती दिल्लीपर्यंत गेली. तेव्हा ही बोली काही कुठून चुकून आलेली पाहुणी नाही.

वाचणे

अडलेला माणूस वडीलधाऱ्यांकडे जातो. आम्ही वऱ्हाडातल्या तीन कादंबऱ्या पुन्हा काढल्या.

पहिली उद्धव शेळके यांची 'धग'. ती १९६० साली आली. त्यातली कौतिक वऱ्हाडी बोलते आणि तिचे दुःखही वऱ्हाडीतच उमटते. तिला पुस्तकी मराठीत रडायला लावले असते, तर ते रडणे कोणाच्या काळजाला भिडले असते? कोल्हापूर-साताऱ्याच्या वाचकालाही ती वाचताना काही शब्दांशी थांबावे लागते. थांबतो, अंदाज घेतो आणि पुढे जातो.

दुसरी नामदेव कांबळे यांची 'राघववेळ'. कांबळे आमच्या शेजारचे, मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरचे. या कादंबरीला १९९५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या जिल्ह्यातल्या गावकुसाबाहेरचे घर मराठी कादंबरीच्या मध्यभागी आणून बसवता येते, हे आम्हाला या पुस्तकाने शिकवले.

तिसरी सदानंद देशमुख यांची 'बारोमास'. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्याच्या मातीतली ही कादंबरी. हिला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शेतकऱ्याच्या घरातली भांडणे कशी ऐकू येतात, ते तिच्यात पाहावे.

मुस्लिम घराची मराठी कादंबरी म्हटली की हमीद दलवाई यांच्या 'इंधन'चे (१९६५) नाव निघते. त्यांच्या मतांशी आपल्यापैकी अनेकांचे पटणार नाही, ती गोष्ट वेगळी. कादंबरीकार म्हणून त्यांची अडचण आमच्याहून वेगळी होती, एवढेच येथे सांगायचे आहे. कोकणातल्या मुस्लिम घरांची बोलीच मराठीच्या कुळातली. तिथे आई चुलीपाशी जे बोलते ते मराठी पानावर सहज उतरते. वऱ्हाडातल्या घरात उंबऱ्याच्या आत एक बोली आणि बाहेर दुसरी. हा उंबरा कसा ओलांडायचा, ते आम्हालाच शोधावे लागणार.

पाहणे आणि ऐकणे

या महिन्यात घरच्या मंडळींबरोबर 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' पाहिला. नाव ऐकताच धाकट्यांनी विचारले, "अपना मालेगाव क्या?" रिसोडमध्ये मालेगाव म्हटले की पहिला डोळ्यांसमोर येतो तो आमचा शेजारचा तालुका. सिनेमा नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचा आहे. रीमा कागती यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट फेब्रुवारी २०२५ मध्ये लागला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी घरात सगळ्यांनी मिळून पाहावा. यंत्रमागाच्या गावातला नासिर शेख हा तरुण दोस्तांना गोळा करतो आणि तुटपुंज्या पैशांत गावाचा स्वतःचा 'शोले' काढतो. ही गोष्ट खरी घडलेली आहे. त्याच मंडळींवर फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८ साली आला होता. तो मिळाला तर आधी तोच पाहा. आम्हाला सगळ्यात भावले ते त्यांचे बोलणे. मुंबईची नक्कल करायला निघालेल्या या पोरांनी पडद्यावर आपली जीभ मात्र मालेगावचीच ठेवली. गावातले लोक त्यासाठीच तिकीट काढत. 'शोले' तर सगळ्यांनी पाहिला होताच, पण आपल्यासारखे बोलणारा 'शोले' कोणी पाहिला नव्हता.

दुसरा सिनेमा जुनाच, 'सैराट' (२०१६). परशा आणि आर्चीवर सगळे बोलले, आम्ही यावेळी सल्याकडे पाहत बसलो. सलीम शेख हे त्याचे नाव. अरबाज शेखने ते काम केले. तो करमाळ्याकडची मराठी अशी बोलतो, की प्रेक्षकाला तो आधी परशाचा दोस्त वाटतो, मग बाकीचे सगळे. नागराज मंजुळे यांनी त्याच्या तोंडी उगाच उर्दू पेरली नाही. तिथे ते खरे होते, म्हणून शोभले. आमच्या दादीच्या तोंडी दखनी खरी आहे. नियम एकच. माणूस बोलतो तसे त्याला बोलू द्यावे.

रात्री लिहिताना भीमराव पांचाळे यांच्या आवाजात सुरेश भटांच्या गझला ऐकल्या. दोघेही अमरावतीकडचे. ऐकता ऐकता मनात आले, मराठीने गझल घेतली तेव्हा मतला, मक्ता, रदीफ, काफिया हे सारे शब्द सामानासकट घरात घेतले. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक. त्यांनी १९२५ साली 'फारशी-मराठी कोश' दिला आणि १९३३ साली 'गज्जलांजलि'. मैफलीत चालणारी भाषा स्वयंपाकघरात का चालू नये?

गाव

गावात सध्या सोयाबीन आहे. रस्त्यावर, गच्चीवर, ताडपत्रीवर, लोकांच्या बोलण्यात, सगळीकडे. यंदा काढणीच्या आधी पाऊस पडत राहिला. शेंगा काळ्या पडल्या आणि दाण्यात ओल राहिली. २०२५-२६ साठी सरकारी हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. पण ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की हमीभाव कागदावर राहतो आणि शेतकरी खासगी व्यापाऱ्याच्या दारात उभा राहतो. ज्या घरात सोयाबीनचे पैसे आले नाहीत, त्या घरात यंदा नवी गादी भरली जाणार नाही. आमच्या कादंबरीतल्या दहा गाद्यांचा सौदा म्हणून आम्ही सहावर आणला आहे.

बाजार समितीच्या आवारात एक सकाळ काढली. लिहिणाऱ्याने तिथे नुसते कान उघडे ठेवून उभे राहावे. हंगाम, खरीप, रब्बी, नमुना, हमाल, दलाल, हिशेब, जमा, खर्च. हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. डोक्यावर रुमाल बांधलेला शेतकरी ते बोलतो तेव्हा कोणी समासात 'हिंदी कमी करावी' असे लिहीत नाही. या सदराचे नावही त्याच वाटेने आले आहे.

आता ज्या गोष्टीने लेखणी खरी अडवली, ती सांगतो. शेजारची एक मुलगी सहावीत आहे. हुशार आहे, मोबाइलवरच्या मालिकांची हिंदी अगदी ठसक्यात बोलते. परवा तिच्या आजीने चहा नाकारताना "नक्को गे" म्हटले. पोरगी हसली. म्हणाली, "दादी, नक्को नहीं बोलते. नहीं चाहिए बोलते." आजीने कप सरकवला आणि गप्प बसली. नंतर घरात पाहुणे आले तरी ती फारसे बोलली नाही.

वाचकहो, हे गप्प बसणे आम्हाला महागाईपेक्षा मोठे वाटते. मुलांनी उर्दू चांगली शिकावी, कारण तिच्यात आपला मोठा खजिना आहे. मराठी तर उत्तमच यावी. तलाठ्याच्या अर्जापासून भरतीच्या परीक्षेपर्यंत आपल्या मुलांचे गुण तिथे जातात, आणि ही आपली भाषा आहे, उसनी नव्हे. इंग्रजीही यावी. पण या तिन्हींच्या पायी जी बोली आजीच्या तोंडात उरली आहे, तिची लाज वाटायला लावू नये. लाजलेली आजी आधी बोलणे कमी करते, मग गोष्टी सांगणे बंद करते. तिच्याबरोबर कापसाची, पेरणीची, बाळंतपणाच्या औषधांची आणि भांडणांचीही शब्दसंपत्ती जाते. ती कोणत्याही शाळेच्या पुस्तकात नाही.

ठरले ते असे

दादी बोलेल तशीच बोलेल. गिऱ्हाइकाशी वऱ्हाडी, घरात दखनी, साहेबाशी जपून. निवेदन आमचे मराठीत राहील. तळटीप एकही देणार नाही. पुढच्या-मागच्या वाक्यातून अर्थ कळेल अशी मांडणी करणे हे आमचे काम, वाचकाचे नव्हे. 'धग' वाचताना सातारकर थांबतो आणि पुढे जातो, तसा तो आमच्या दादीपाशीही थांबेल. दोन घडी थांबून ऐकण्याइतकी ती म्हातारी मोलाची नसेल, तर दोष बोलीचा नसून आमच्या लिहिण्याचा समजावा. पुण्याच्या स्नेह्यांना तसे कळवले. त्यांचे उत्तर आले, 'मग 'उभा रहा' तेवढे ठेवाच, ते झकास आहे.' म्हणजे ऐकू आले त्यांना.

या महिन्यात एक काम तुमच्याकडेही सोपवतो. घरात दादी, नानी, फुफी, कोणी वडीलधारी असेल तर तिच्याजवळ बसा आणि तिचे दहा शब्द लिहून घ्या. आज मुले वापरत नाहीत असे. शेतीचे, भांड्यांचे, दागिन्यांचे, शिव्यांचेही चालतील. कोणत्या गावचे ते लिहा. लिहिणे मुलांनाच करू द्या, म्हणजे त्यांनाही विचारावे लागेल, "दादी, इसकू क्या बोलते?" मासिकाच्या पत्त्यावर पाठवले की आमच्यापर्यंत पोहोचतील. कादंबरीत किती येतील ते माहीत नाही, पण पुढच्या जमाखर्चात जमेच्या बाजूला नक्की मांडू.

पुढच्या महिन्यात नववे प्रकरण. नातू मोबाइलचे दुकान घालायला पैसे मागतो आणि आजोबांचे पिंजण माळ्यावरून खाली येते. विकायला की टांगायला, ते अजून आम्हालाही ठरवायचे आहे. दुआ करा. तोवर गाद्यांना ऊन दाखवा, थंडी येते आहे.

खुदा हाफिज.