दिंडीत नाव घालावं की नुसतंच निघावं?

मैत्रिणींनो, मृगाचे ढग दिसायला लागले की आमच्या महिला मंडळात एक विषय हमखास निघतो. पंढरीला पायी जायचा. ही हौस मनात बाळगून असलेल्या पुष्कळजणी अमरावतीत भेटतात, अकोल्यातही भेटतात. कोणाच्या सासूबाईंनी वारी केलेली असते, कोणाच्या आईची राहून गेलेली असते. बोलणं रंगात येतं आणि मग एखादी म्हणते, "हौस त मले बी हाये वं बाई, पण दिंडीत नाव घालाचं त भिशी भरा लागते. पह्यल्याच वर्षी एवढे पैसे कायले घालाचे? लोकं तसेच जातात नं पालखीच्या मांगं मांगं!"

प्रश्न अगदी रास्त आहे. पहिल्यांदाच वारीला निघणाऱ्या बाईने पैसे भरून दिंडीत नाव घालावं, की पिशवी खांद्याला लावून मोकळंच निघावं? भक्तीचा भाग ज्याचा त्याचा. इथे आपण निव्वळ व्यवहाराच्या अंगाने याचा विचार करू.

वारी आपल्याला परकी नाही. रुक्मिणी ही वऱ्हाडचीच लेक. तिचं माहेर म्हणजे तिवसा तालुक्यातलं, वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर. तिथून निघणारी रुक्मिणीमातेची पालखी १५९४ सालापासूनची म्हणून सांगतात, आणि वाटेत अमरावती शहरात तिचं स्वागत होतं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी १९६८ सालापासून पंढरपूरला जाते. एका वेळचंच अंतर ७०० किलोमीटरच्या वर, म्हणजे महिन्याहून जास्त दिवस चालणं. तिचा मुक्काम अकोल्यात असतो, तेव्हा सारं शहर रस्त्यावर येतं. शेजारच्या मुक्ताईनगरहून मुक्ताईची पालखी निघते. आणि आळंदीहून ज्ञानोबांची, देहूहून तुकोबांची तर सर्वांच्या माहितीची. आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, म्हणून ज्यांना महिनाभर घर सोडणं जमत नाही अशा आपल्याकडच्या बायाही तिकडे जातात.

आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती हैबतबाबा आरफळकरांनी, १८३२ च्या सुमारास. ही शिस्त दिंडीवर उभी आहे. दिंडी म्हणजे एका वीणेकऱ्यामागे चालणारा वारकऱ्यांचा जथा. पताका, टाळ, मृदंग, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, असा सारा परिवार. प्रत्येक दिंडीला नंबर असतो. काही दिंड्या रथाच्या पुढे, बाकीच्या मागे, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. दिंडीचा ट्रक असतो, त्यात सगळ्यांच्या वळकट्या आणि पिशव्या. पाण्याचा टँकर असतो, तंबू असतात, स्वयंपाकाची भांडी आणि आचारी असतात. हा खर्च भागवायला प्रत्येक वारकऱ्याने जी वर्गणी द्यायची, तिला भिशी म्हणतात. आपल्या मंडळातल्या भिशीशी नावापुरतंच नातं. इथे नंबर लागून पैसे परत मिळत नाहीत!

आता हिशेब पाहू. पुष्कळजणींचा समज असा की भिशी म्हणजे जेवणाचे पैसे. तसं म्हटलं तर भिशी महागच पडेल, कारण वारीच्या वाटेवर जेवणाला तोटा नाही. गावोगावचे लोक पिठलं-भाकरी, केळी, चहा हातात आणून देतात. कोणी उपाशी राहत नाही. फुकट मिळत नाही ती रात्रीची जागा. पावसात कोरडं अंथरूण, पहाटे तीन वाजता अंघोळीला आडोसा, कपडे बदलायला चार कनाती आणि आपली पिशवी संध्याकाळी जशीच्या तशी परत मिळेल याची खात्री. पुरुषमाणूस देवळाच्या ओसरीवर, एखाद्या दुकानाच्या फळीवर आडवा होतो. बाईला तसं करता येतं का? म्हणून भिशीचे पैसे हे ताटाचे नसून पाठ टेकायच्या जागेचे आहेत, हे एकदा ध्यानात आलं की महाग-स्वस्त बरोबर कळतं.

हे दुखणं आपल्या वऱ्हाडातल्याच एका माणसाला पुरतं उमगलं होतं. शेंडगावात १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन यात्रांमधून फिरले आणि तीर्थाच्या गावी धर्मशाळा बांधत राहिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनीच उभारली. देवाच्या दारी आलेल्या गरिबाला आधी डोक्यावर छप्पर पाहिजे, हे त्यांचं सांगणं बायांच्या बाबतीत तर जास्तच खरं.

हल्ली पेपरात कॅरॅव्हॅनबद्दल वाचायला मिळतं. चाकावरचं घर, त्यातच झोपायचं, त्यातच रांधायचं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये त्यासाठी धोरणही आणलं. इंग्लंडमध्ये अशा हौशी मंडळींनी १९०७ सालीच क्लब काढला होता आणि तो आजही चालू आहे. वर्गणी भरायची, म्हणजे मुक्कामाच्या खात्रीच्या जागा मिळतात आणि जुन्या सभासदांचा अनुभव मिळतो. तिथल्या नवख्यांपुढेही प्रश्न हाच असतो की सभासद व्हावं की एकट्याने गाडी काढावी. आपल्या लोकांनी हे काम दिंडीच्या रूपाने कधीच करून ठेवलेलं आहे. फरक एवढाच की आपलं घर ट्रकात आणि आपण पायी.

नाव घालण्याचा दुसरा फायदा पैशात मोजता येत नाही. माउलींच्या सोहळ्यात मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरती होते. चोपदाराने दंड उंच करून हाळी दिली की हजारो टाळ एका क्षणात थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते, म्हणजे तिचं म्हणणं ऐकून घेतलं जातं. हरवल्या-सापडल्याची माहितीही तिथेच सांगतात. विचार करा, एवढ्या लाखो माणसांत एखादी बाई चुकली, तर "माझी दिंडी अमुक नंबरची" एवढं सांगता येणं केवढं मोठं! पालखीच्या मागे मोकळं चालणारीला विचारायला कोणी नसतं, आणि ती मुक्कामी पोचली नाही तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

मग सगळ्यांनी डोळे मिटून पैसे भरावेत का? नाही. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

पहिली गोष्ट वेळेची. आषाढी म्हणजे आपल्याकडे ऐन पेरणीचा हंगाम. कपाशी-सोयाबीन मातीत जायचं असतं, पोरांच्या शाळा उघडायच्या असतात. ज्या घरात निंदण-डवरणाला बाईच लागते, तिथे वीस दिवस काढणं सोपं नाही. पैसे भरून ठेवले आणि निघताच आलं नाही, असं होऊ शकतं. दुसरी गोष्ट शरीराची. कठीण मजल सुरुवातीलाच येते. पुणे ते सासवड हा टप्पा एका दिवसात तीस किलोमीटरच्या वर जातो, त्यात दिवे घाटाची चढण. ज्या बाईला गुडघ्याचा, साखरेचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे, तिने भिशीच्या आधी डॉक्टरला पैसे द्यावेत.

तिसरी गोष्ट सांगताना कोणाला राग आला तरी चालेल. काही दिंड्यांमध्ये बायांनी भिशी भरायची, दिवसभर पुरुषांच्या बरोबरीने चालायचं आणि मुक्कामी पोचल्यावर पोळ्याही लाटायच्या, असं चालतं. पुरुष मंडळी तेवढ्या वेळात पाय चोळत बसतात. सेवा म्हणून आपखुशीने हात लावणं वेगळं. पण पैसे सारखे घेतले असतील तर काम एकट्या बाईच्या वाट्याला का? घरच्या चुलीपासून वीस दिवसांची सुटी म्हणून निघालेल्या बाईला दुसरी चूल मिळायची असेल, तर ती दिंडी आपल्या कामाची नाही. हे आधी विचारायला अजिबात लाजू नका.

चौथी गोष्ट पंगतीची. इरावतीबाई कर्वे स्वतः वारीत चालल्या होत्या आणि 'परिपूर्ती' या १९४९ सालच्या पुस्तकात 'वाटचाल' नावाचा लेख त्यांनी त्यावर लिहिला. बरोबर चालणारी, बरोबर गाणारी माणसं जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळी बसतात, हे त्यांना फार खुपलं. त्याला आता पाऊणशे वर्षं झाली. तरीही नाव घालताना पंगत एक आहे ना, हे पाहूनच पैसे काढावेत. जिथे पंगत वेगळी, तिथे अभंग कितीही गोड गायिले तरी आपला जीव रमायचा नाही.

म्हणून माझं सांगणं असं की आधी घराजवळ चालून पाहा. त्याला वेगळा खर्च नाही. गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला आणि ऋषिपंचमीला अकोल्याहून, अमरावतीहून कितीतरी मंडळं शेगावला पायी जातात. अकोला ते शेगाव चाळीस-पन्नास किलोमीटरचं अंतर. तेवढ्यात चपलेचा चावा, पाठीवरच्या पिशवीचं वजन, रात्री परक्या जागी झोप लागते की नाही, हे सगळं कळतं. किंवा पालखी आपल्या भागातून जाते तेव्हा तिच्याबरोबर एक मजल चाला आणि संध्याकाळी एसटीने घरी या. १७ मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा येण्याजाण्याचाही मोठा बोजा नाही. दोन दिवस चालून जिला तिसऱ्या दिवशी पुन्हा निघावंसं वाटलं, तिने भिशी भरावी. जिचे पाय सुजले आणि मनही उतरलं, तिचे पैसे वाचले.

पैसे भरायच्या आधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात. दिंडीत बाया किती आहेत आणि त्यांचा तंबू वेगळा आहे का? अंघोळीची आणि संडासाची सोय काय? २०१५ पासून 'निर्मल वारी'मुळे मुक्कामाच्या गावी फिरती शौचालयं येऊ लागली, आणि राज्य महिला आयोगाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'आरोग्य वारी'त पॅड, स्तनपानासाठी आडोसा अशा सोयींचा विचार झाला. तरी आपल्या दिंडीचा तळ त्यापासून किती लांब पडतो, हे विचारावंच लागतं. पाळी आली तर दिंडीतले लोक काय म्हणतात, हे जुन्या वारकरी बायांना एकीकडे घेऊन विचारा. माळ घालणं सक्तीचं आहे का? मधेच परतावं लागलं तर पैशाचं काय? भिशीची पावती मिळते का? आणि दिंडीप्रमुखाबरोबर एखाद्या जबाबदार बाईचाही फोन नंबर मिळतो का? ज्या दिंडीत या प्रश्नांची नीट उत्तरं मिळतात, ती नवखीला सांभाळून नेईल. "माउली सगळं पाहून घेतील" एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरी दिंडी शोधावी. माउली पाहतीलच, पण तंबू माणसांनाच ठोकावा लागतो.

शक्यतो आपल्या तालुक्यातल्या बाया जिथे जातात तीच दिंडी निवडा. तेवढंच बोलायला आपलं माणूस असतं. एकटीने जाण्यापेक्षा दोघी-तिघींनी मिळून नाव घाला. एकीचा पाय मुरगळला तर दुसरी ट्रकापर्यंत हात धरून नेते. पिशवीत सामान कमी, पण प्लास्टिकचा मोठा कागद, रोजची औषधं, आधार कार्डाची झेरॉक्स आणि कागदावर लिहिलेला दिंडीचा नंबर एवढं हवंच. मोबाइलची बॅटरी उतरते, कागद उतरत नाही.

राहता राहिला घरचा प्रश्न. "आम्ही जाऊन येतो, मग पुढच्या वर्षी तुला नेऊ," हे वाक्य ऐकत कित्येकींची पन्नाशी उलटते. भिशीचं यात एक वेगळंच मोल आहे. नुसतं "मला जायचं आहे" म्हटलं की घरात हसण्यावारी नेतात. पावती हातात असली की घरचे तारखा विचारू लागतात, कोण किती दिवस डबा करेल याची वाटणी होते. बचत गटातून जमवलेल्या आपल्या पैशातून ती भरली असेल तर आणखीच बरं. दिंडीच्या वहीत 'अमक्याची बायको' म्हणून नाव न लिहिता आपलं स्वतःचं पूर्ण नाव लिहायला सांगा. रेशन कार्ड आणि मतदार यादी सोडली तर आपलं नाव फारशा ठिकाणी लिहिलेलं नसतं.

तेव्हा नवखीने दिंडीत नाव घालावं का, याला माझं उत्तर होय असं आहे. मोकळी वारी ही दोन-चार वर्षं चाललेल्या, वाटेवरची माणसं आणि मुक्काम ओळखीचे झालेल्या बाईला शोभते. पहिल्या वर्षी मात्र नंबर असलेली दिंडी, वेगळा तंबू आणि हातात पावती, एवढं असावंच. फक्त आधी घराजवळ दोन दिवस चाला आणि प्रश्न विचारल्याशिवाय पैसे काढू नका.

ज्येष्ठ उजाडल्यावर धावपळ करून जागा मिळत नाही आणि विचारायलाही सवड राहत नाही. चौकशी चैत्र-वैशाखातच करा. हळदीकुंकवाला जमाल तेव्हा आपल्या गल्लीत वारी केलेल्या बाया कोण कोण आहेत, ते आधी विचारून ठेवा.