कृपा म्हणजे ग्रेस मार्क नव्हेत



बारावीच्या गडबडीत बरेच दिवस इथे फिरकलो नाही. आज मात्र डोकं तापलंय, तेव्हा थोडं सहन करा.

गेल्या रविवारी उपासना झाल्यावर तरुण संघाची सभा होती. बाहेरगावचे वक्ते आले होते. विषय दर उन्हाळ्यात असतो तोच, 'तारुण्य आणि मोह'. फळ्यावर यादी लिहिली गेली: मोबाइल, सिनेमा, वाईट संगत, मुलींशी मैत्री. (मुलींसाठी 'मुलांशी मैत्री'. बाकी यादी सेम!) शेवटी वक्ते म्हणाले, "आधी स्वतःला शुद्ध ठेवा, मग देव कृपा करील." सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणालो. आणि छावणीतून स्कूटीवर घरी येताना लक्षात आलं, की मी आमेन म्हणालो ते साफ चूक आहे.

कसं ते सांगतो. प्रभूच्या प्रार्थनेत मोहासाठी आपल्या मराठी बायबलात शब्द आहे 'परीक्षा'. आम्हा पोरांना परीक्षा म्हटलं की बोर्डच आठवतं. पास व्हायला ३५ हवेत. ३२ पडले तर वरचे ३ ग्रेस मार्क मिळतात, पण ३२ आधी तुमचे तुम्ही मिळवायचे. ५ मार्कवाल्याला कोणी ग्रेस देत नाही. आमच्या सभांमध्ये देवाची कृपा अगदी अशीच शिकवली जाते. चांगल्या मुलाला थोडं कमी पडलं, तर देव वरचे ३ मार्क देतो म्हणे.

पण शुभवर्तमानात असं कुठे आहे? लूकच्या १५ व्या अध्यायातला धाकटा मुलगा डुकरं राखून घरी येतो. बापाला काय सांगायचं ते त्याने वाटेत पाठ केलंय. पण तो लांब असतानाच बाप धावत सुटतो, आणि ते पाठ केलेलं बोलणंसुद्धा पूर्ण होऊ देत नाही. त्या मुलाकडे ३२ मार्क कुठे होते? पेत्राचंही तेच. तो तीनदा नाकारणार हे प्रभूला आधीच ठाऊक होतं, आणि त्याच्यासाठी प्रार्थनाही नाकारण्याच्या आधीच करून झाली होती.

आता माझं. हे लिहायला हात जड होतोय.

आमच्याकडे साक्ष देतात. पूर्वी मी असा होतो, मग प्रभू भेटला, आता मी तसा नाही. दारू सुटलेल्या माणसाची साक्ष ऐकताना माझ्याही अंगावर काटा येतो, तिची थट्टा मी करणार नाही. पण मी ख्रिस्ती घरातच जन्मलो. माझ्याकडे 'पूर्वी' नाहीच. माझी सगळी पापं 'आता'ची आहेत आणि आताच्या पापाला साक्षीत जागा नसते.

सराव परीक्षेत गणिताच्या पेपरला मी कॉपी केली. चिठ्ठी मोज्यात होती. दोन आठवड्यांनी मला 'मोहावर विजय' या विषयावर साक्ष द्यायला उभं केलं. मी सांगितलं, की मित्राने चिठ्ठी पुढे केली होती, पण मी घेतली नाही. टाळ्या पडल्या. आजीने पदराने डोळे टिपले. कॉपीपेक्षा ते डोळे मला जास्त छळतात.

अशा वेळी लक्ष्मीबाई टिळक आठवतात. इथून नगर काय, दोन-अडीच तासांवर. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधली पाच वर्षं त्यांनी घाईघाईने आमेन म्हटलं नाही. सोवळंओवळंही हळूहळूच सुटलं. आणि 'स्मृतिचित्रे'मध्ये टिळकांचा बाप्तिस्म्यानंतरचाही राग आणि त्यांच्या हातात न टिकणारा पैसा त्यांनी हसत हसत लिहून ठेवला. स्वतःलाही सोडलं नाही. मराठी ख्रिस्ती माणसाची याहून खरी साक्ष मला तरी माहीत नाही. तिच्यात मार्क वाढवलेले नाहीत.

मला ठाऊक आहे, काकालोक म्हणतील, "कृपा इतकी सोपी केली तर पोरं मोकाट सुटतील." हा प्रश्न पौलाने रोमकरांच्या पत्रात, ६ व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच घेतलाय आणि झटकून टाकलाय. बोनहॉफरने १९३७ मध्ये 'स्वस्त कृपे'वर कडक लिहिलं, तेही मान्य. कृपा स्वस्त नाहीच, किंमत क्रुसावर मोजली गेली. पण ती किंमत भरणारा मी नव्हे! आणि मोकाट सुटण्याचंच म्हणाल तर, भीतीने मला कॉपीपासून कुठे थांबवलं? मी कॉपी केली तीच नापास होण्याच्या भीतीने, आणि खोटी साक्ष दिली तीही त्याच भीतीने. भीतीने मला फक्त लपायला शिकवलं.

बुधवारी रात्री बाबांना सगळं सांगितलं. गुरुवारी आजीला. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "चहा टाकते, बस." पुन्हा असं करणार नाही हे वचन तिने आधी मागितलं नाही. ते मी चहा पिताना आपणहून दिलं.

पुढच्या सभेत साक्षीसाठी मी हात वर करणार आहे. या वेळी खरी सांगेन. टाळ्या पडणार नाहीत बहुतेक. पाळकसाहेबांना एकच विनंती आहे. ती फळ्यावरची यादी पुसू नका हवं तर, पण कृपा तिच्या खाली लिहू नका. सगळ्यात वर लिहा.

असो. आत्या, तू हे वाचणार हे माहीत आहे. फोन कर, पण ओरडू नकोस :)