कचऱ्याची वीज आणि कचरावेचकांचा हक्क



शहराचा कचरा जाळून वीज निर्माण करण्याच्या योजना अनेक महापालिका पुढे मांडीत आहेत. आपला विजेला विरोध असण्याचे कारण नाही. परमपूज्य बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते, तेव्हा विजेचे धोरणही त्यांच्याकडेच होते; आणि स्वस्त व मुबलक विजेवाचून देशाचे दारिद्र्य हटणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. परंतु ही वीज कोणाच्या तोंडचा घास काढून निर्माण करावयाची, हे विचारण्याचा आपणांस हक्क आहे.

प्रथम भट्टीत जळते काय, ते पाहा. आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो: भाजीची देठे, उष्टे अन्न, फळांची साले. ओले जळत नाही. दिल्लीत तिमारपूर येथे 1987 साली डेन्मार्कची यंत्रसामग्री आणून रोज 300 टन कचरा जाळून 3.75 मेगावॅट वीज काढण्याचा कारखाना उभारला गेला. कचऱ्यात पुरेशी उष्णताच नसल्यामुळे तो लवकरच बंद पडला. चांगले जळतात ते कागद, पुठ्ठा आणि प्लास्टिक. आणि नेमक्या याच वस्तू वेचून व विकून हजारो कुटुंबे पोट भरतात. पुण्यात 1993 साली स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या सभासदांत दलित स्त्रियांचा भरणा मोठा आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरची चूल याच कामावर पेटते.

आता कायदा पाहा. 1985 साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. परंतु त्याच निकालाने रीतसर मार्गाने पदपथवासीयांना हलविण्याची मुभाही दिली. यावरून धडा असा की, घटनेतील तत्त्व आपल्या बाजूचे असले तरी तेवढ्याने भागत नाही. हक्क नियमांत व करारात लिहून घ्यावा लागतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांच्या संघटनांना मान्यता देऊन त्यांना कामात सामावून घेण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकिले, आणि ज्याचा पुनर्वापर होऊ शकत नाही असाच कचरा विजेकडे वळविण्यास सांगितले. पुण्यात 2008 साली ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला, तो अशा लेखी हक्काचाच नमुना होय.

धोका कारखान्याच्या करारात दडलेला असतो. रोज अमुक टन कचरा पुरवू, अशी हमी महापालिकेने एकदा दिली की वेचकाने उचललेला प्रत्येक पुठ्ठा ही त्या हमीतील तूट ठरते. मग ज्याच्या श्रमाने शहर स्वच्छ राहिले, त्यालाच कचऱ्याला हात लावण्याची बंदी होते. शिवाय धूर आणि राख कोणाच्या वस्तीवर पडणार, हेही विचारले पाहिजे. दिल्लीतील ओखला येथील कारखान्याविरुद्ध शेजारच्या रहिवाशांना न्यायालयात धाव घ्यावी लागली होती.

म्हणून आपल्या शहरात अशी योजना आली की तीन गोष्टी करा. माहितीच्या अधिकाराच्या 2005 च्या कायद्यान्वये 10 रुपये शुल्क भरून अर्ज करा व कराराची नक्कल मागा. 30 दिवसांत उत्तर मिळाले पाहिजे. सुक्या कचऱ्यावर पहिला हक्क वेचकांचा राहील, आणि उरलेलेच भट्टीत जाईल, असे कलम करारात घालण्याची मागणी लेखी करा व तिची पोच घ्या. जे हे काम करितात त्यांनी संघटनेचे सभासद व्हावे आणि ओळखपत्र घ्यावे; कागदावर ज्याचे नाव नाही, त्याचा हक्क डावलणे सोपे असते.

आणि आपल्या घरातील ओले व सुके वेगळे ठेवा. तो कचरा ज्या भगिनीच्या हाती जाणार, तिच्या हातांचा मान राखण्याचा आरंभ आपल्या घरापासूनच व्हावयास पाहिजे.