ढगाला काय समजतं?

‘पाऊस सारखा पडतो’ या वाक्यापुढे आमच्या सातवीतल्या एका पोराने ‘उपमा अलंकार’ असं लिहिलं. दोष त्याचा नाही. सम, सारखा, प्रमाणे दिसलं की उपमा. जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा, हे आम्ही शिक्षकांनीच घोटून घेतलेलं असतं. मार्क पदरात पडतात, भाषा पडत नाही.

निदान रामटेकात तरी असं होऊ नये. गडावर कालिदासाचं स्मारक आहे, १९९७ पासून त्याच्या नावाचं संस्कृत विद्यापीठ इथे आहे. त्याच्या मेघदूतातला रामगिरी म्हणजे रामटेकच, हे संशोधक वा. वि. मिराशींनी साधार मांडलं. (काही जण तो मान छत्तीसगडातल्या रामगडाला देतात. आम्ही रामटेककर ते ऐकून घेतो, मानत नाही.)

आषाढात डोंगराला बिलगलेला ढग मेघदूतातल्या विरही यक्षाला दिसतो तो बांधाला धडका देत खेळणाऱ्या हत्तीसारखा. उपमा शिकवायला एवढं पुरे. पण खरी गंमत पुढे आहे. धूर, उजेड, पाणी आणि वारा मिळून झालेला ढग यक्षाचा निरोप त्याच्या प्रियेकडे कसा नेणार, ही शंका कालिदास स्वतःच काढतो. उत्तरही तोच देतो: विरहाने व्याकूळ झालेल्याला सजीव काय नि निर्जीव काय, भेद कळेनासा होतो. गाइडातली चेतनगुणोक्ती ‘निर्जीव वस्तू सजीव कल्पणे’ एवढ्यावर थांबते. माणूस असं का कल्पतो, ते तिथे नसतं.

हे वर्गात सांगितलं तर मागच्या बाकावरून आवाज आला, “पण सर, ढगाले काय समजते?”

त्याच्या घरी धानाचे पऱ्हे टाकलेले, रोवणी खोळंबलेली. मी त्यालाच विचारलं, “तुझ्या घरी सध्या पावसाबद्दल काय बोलतात?”

“पावसानं दडी मारली म्हन्ते.”

“मग पाऊस लपून कुठे बसला?”

वर्ग हसला आणि हात वर होऊ लागले. ऊन मी म्हणतं. कांद्यानं रडवलं. आभाळ फाटलं. यातलं शेवटचं चेतनगुणोक्ती नव्हे, अतिशयोक्ती, असं एका मुलीने ठासून सांगितलं, दुसरी ऐकेना. घंटा झाली तरी भांडण चालूच होतं आणि मी ते मिटवलं नाही. अलंकारावरून सातवीची मुलं भांडतात, यापेक्षा शिक्षकाला आणखी काय हवं? वर्तमानपत्रं तर हे रोज छापतात: पारा चढतो, बाजार कोसळतो, वरुणराजा रुसतो.

तेव्हा परीक्षेतला ‘अलंकार ओळखा’ हा प्रश्न आता काढून टाकावा. त्याऐवजी विचारावं: अलंकार वगळून हेच वाक्य लिहा आणि काय गेलं ते सांगा. पेपर तपासायला वेळ लागेल, दोन मुलांची उत्तरं जुळणार नाहीत, गाइडवाल्यांची पंचाईत होईल. ती व्हावीच.